जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ : फेकायची घाई नको, चालढकलही नको



पेरणीच्या तोंडावर दरवर्षी एकच प्रश्न येतो. "ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षांचा झालाय, सेल्फ ओढत नाही. नवा टाकू का जुनाच भरून घेऊ?" माझं मत सरळ आहे. सांगाडा आणि आर्मेचर चांगलं असेल तर जुना सेल्फ नीट भरून घ्या. स्वस्तातल्या बिननावाच्या नव्या सेल्फपेक्षा तो जास्त टिकतो. पण त्याआधी दोष सेल्फचाच आहे का, हे बघा.

निम्म्या वेळा बिचाऱ्या सेल्फची काही चूक नसते. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन तगडं, त्यामुळे सेल्फ मारताना बॅटरीतून शेकडो अँपिअर करंट ओढला जातो. एवढा करंट जायचा तर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी, ढिली क्लिप, आतून कुजलेली केबल यातलं काहीही चालत नाही. आधी टर्मिनल गरम पाण्याने धुवा, घासा, आवळा. मग अर्थिंग बघा. अर्थिंगची पट्टी जिथं बोल्टने बसते तिथं रंग, गंज आणि चिखल असतो. साधा मल्टिमीटर असेल तर एक काटा बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब. हे काम फुकटात होतं.

बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली बसत असेल तर दोनपैकी एक गोष्ट. बॅटरी मेलीय, नाहीतर सेल्फ आतून घासतोय आणि जास्त करंट ओढतोय. दुसऱ्या चांगल्या बॅटरीवर मारून बघितलं की उलगडा होतो.

आता आवाजावरून ओळखा. टकटकटक असा भराभर आवाज येतो, तेव्हा बहुतेक बॅटरी किंवा टर्मिनल. एकच जोरात "टक्" होतं आणि पुढं काहीच नाही, तेव्हा सोलेनॉइडचे पॉइंट जळालेत किंवा कार्बन संपलेत. मोटर झुंइइ करून नुसती फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स घसरतंय. करकर आवाज येऊन दात खातो, तेव्हा बेंडिक्सचे दात नाहीतर फ्लायव्हीलची रिंग गेलीय. गार असताना बरा मारतो आणि गरम झाल्यावर जड होतो, तेव्हा बुश झिजलेत, आर्मेचर खाली बसून फील्डच्या लोखंडाला घासतंय.

यातल्या बहुतेक गोष्टी स्वस्त आहेत. कार्बन, बुश, सोलेनॉइड, बेंडिक्स हे झिजायलाच बनवलेले भाग. तालुक्याच्या गावात सेल्फ-डायनामोवाला हे काम दिवसभरात करून देतो. फक्त त्याला "चालू करून दे" एवढंच सांगू नका. कार्बन बदलतोय तर बुशही दोन्ही बाजूचे बदलायला सांगा. नवे कार्बन आणि जुने ढिले बुश म्हणजे सहा महिन्यांत परत तोच रस्ता. नवा पितळी बुश बसवण्याआधी तेलात भिजवलेला असावा. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर लेथवर हलका साफ करून घ्या. आणि काम होताना शक्य असेल तर शेजारी उभे राहा, जुने सुटे भाग परत मागून घ्या. त्यात मिस्त्रीवर अविश्वास नाही, आपलं ज्ञान वाढतं.

नवा कधी घ्यायचा? आर्मेचर जळालंय, वार्निशचा करपट वास येतोय, कॉम्युटेटरच्या पट्ट्या उचलल्यात, पुढचं नाक तडकलंय, तेव्हा हट्ट करू नका. दुरुस्तीचा आकडा चांगल्या नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तरी नवाच परवडतो. पण दुकानात जुना सेल्फ सोबत न्या. दात मोजा, फिरण्याची दिशा जुळवा, बोल्टची छिद्रं ताडून बघा. अलीकडे आत गिअर असलेले लहान सेल्फ मिळतात, ते कमी करंटमध्ये तेवढीच ताकद देतात. तुमच्या मॉडेलला बसणारा चांगल्या कंपनीचा मिळाला तर जरूर घ्या.

रिंगचं मात्र वेगळं आहे. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबतं, तीन सिलिंडरचं तीन जागी, चार सिलिंडरचं दोन जागी. म्हणून रिंगचे दात तेवढ्याच जागी खाल्लेले असतात. कधी लागतो, कधी करकरतो, याचं कारण हेच. रिंगसाठी ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो. म्हणून क्लच प्लेटच्या कामाला खोलाल तेव्हाच रिंग तपासा, मजुरी एकदाच जाईल. खराब रिंगवर नवा सेल्फ बसवणं म्हणजे नव्या बेंडिक्सचे दात घालवणं.

काही जण म्हणतात, "उतारावर लावतो, धक्क्यावर होतो, काय बिघडतंय?" बिघडतं ते असं. पाऊस उघडल्यावर वाफसा फार दिवस थांबत नाही. मागे पेरणी यंत्र, खाली ओली जमीन, तिथं धक्का कोण मारणार? मग बंदच करायचा नाही म्हणून जेवणाच्या सुट्टीतही ट्रॅक्टर भुकभुकत ठेवायचा. तासाला लिटरभर डिझेल असं जाळलं तर हंगामात सेल्फ भरायचे पैसे धुरातच गेले.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते आता. सेल्फ चावीवर लागत नाही म्हणून खाली उभं राहून, पेचकस नाहीतर पाना लावून "डायरेक्ट" मारण्याची सवय गावोगाव आहे. मंडळी, हे बंद करा. सेल्फ असतो मोठ्या चाकाच्या पुढं. डायरेक्ट मारणारा माणूस बरोबर त्या चाकाच्या वाटेत उभा असतो. क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच या युक्तीत बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन पकडताक्षणी तो पुढं जातो, आणि पळायला क्षणही मिळत नाही. अशाने माणसं गेलीत. शेजारी खेळणारं पोर असेल तर विचारच करवत नाही. मजुराला, ड्रायव्हरला, घरच्या पोराला असं मारायला कधीही सांगू नका. सीटवर बसून, क्लच दाबून, न्यूट्रल बघूनच सेल्फ मारायचा. तसा लागत नसेल तर त्या दिवशी ट्रॅक्टर बंद आणि सेल्फ खाली.

खाली काढताना बॅटरीची मायनस वायर आधी सोडा. आणि दुरुस्त झाल्यावर सेल्फ सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका. अर्धा-एक मिनिट थांबा, मग परत. एवढं करूनही इंजिन होत नसेल तर डिझेल आणि हवा बघा, सेल्फला जाळू नका.

सेल्फ भरायची वेळ वैशाखात, पेरणीच्या आदल्या दिवशी नव्हे. मृग कुणासाठी थांबत नाही.