गृहस्थाश्रम : पतीच्या निवृत्तिवेतनाचें वय आणि पत्नीचें उत्तरायुष्य

अमेरिकेंतील न्यू जर्सीहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. यजमानांस बासष्ट वर्षें पुरीं झालीं. "आयुष्याचा काय भरंवसा? सोशल सिक्युरिटीचें वेतन आतांच सुरू करूं," असें ते म्हणतात. यांत आपलें हित कीं अहित, असें भगिनी पुसतात. योग म्हणजे मिळविणें, क्षेम म्हणजे मिळविलेलें राखणें. यजमानांची दृष्टि पहिल्यावर आहे, भगिनींची दुसऱ्यावर. आम्ही भगिनींच्या पक्षाचे आहों.

१९६२ वा त्यानंतर जन्मलेल्यांस तेथें पूर्ण वेतन ६७ व्या वर्षीं मिळतें. समजा, यजमानांचें पूर्ण वेतन दरमहा २००० डॉलर आहे. ६२ व्या वर्षीं मागितल्यास तें १४०० वर येतें. ७० पर्यंत धीर धरल्यास २४८० होतें. एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. पतीच्या मागें काय, हें मात्र फार थोडे पाहतात. दोघांचीं वेतनें पुढें चालत नाहींत. जें मोठें असेल तेवढेंच विधवेकडे राहतें. पतीनें सत्तरीस आरंभ केला असेल, तर ते २४८० तिला मिळूं शकतात. बासष्टीस केला असेल, तर पतीस मिळत होती ती रक्कम किंवा पूर्ण वेतनाचे शेंकडा ८२.५, यांतील अधिक ती तिची कमाल मर्यादा, म्हणजे १६५०. दरमहा ८३० डॉलरांची तूट, आणि ती आमरण! आपल्याकडे वधूहून वर चार-सहा वर्षांनीं मोठा पाहण्याची चाल. तेव्हां हा काळ किती लांबेल, हें निराळें सांगणें नलगे.

तिच्या स्वतःच्या वयाचाही संबंध आहे. विधवेस साठाव्या वर्षापासून मागतां येतें, पण तेव्हां शेंकडा ७१.५ च, ६७ व्या वर्षीं शंभर. त्यापुढें थांबून कांहीं वाढत नाहीं. पतीनें बासष्टीस घेतलेलें असल्यास तर वरील मर्यादा ६३ च्या आधींच गांठली जाते, पुढील थांबणें फुकट. तिनें स्वतः नोकरी केली असल्यास आपलें वेतन आधीं व पतीचें मागाहून, किंवा उलट, असें वेगवेगळें मागतां येतें.

प्रकृति बरी नाहीं म्हणून घाई करावी, हा युक्तिवाद आम्हांस उलटाच वाटतो. वेतन न मागतांच यजमानांचें कांहीं बरेंवाईट झालें, तर १६५० ची ती मर्यादा पत्नीस लागतच नाहीं. तिचा हिशेब पूर्ण २००० वरून होतो. मात्र भगिनींचें स्वतःचें वेतन यजमानांहून मोठें असेल, तर त्यांनीं थांबून भगिनींस लाभ नाहीं. तें कसें आहे, हें त्यांनीं पत्रांत लिहिलेलें नाहीं.