दुरून सागर साजरा

अलीकडे आमच्या नाशिकच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत एक नवी हौस बळावत चालली आहे. सेवानिवृत्तीचा दिवस जवळ आला, मुलगा परदेशीं व मुलगी बंगळुरास स्थिरावली, आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातीं पडण्याचा सुमार झाला, म्हणजे गृहस्थाच्या तोंडीं 'गोवा' हा शब्द येऊं लागतो. गोव्यांतहि सर्वत्र नव्हे. कळंगुट आणि बागा हीं जत्रेचीं ठिकाणें, तीं कुटुंबवत्सल माणसास नकोत. पणजी महाग आणि दाटीची. तेव्हां मांडवीच्या उत्तर तीरावर, पुलापाशींच वसलेली पर्वरी हीच काय ती योग्य जागा, असा निर्णय बहुधा ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतींत, गंगापूर रस्त्यावरील सकाळच्या फेरफटक्यांत आणि वाचनालयाच्या पायऱ्यांवरहि हीच चर्चा ऐकूं येते. नाशिकचें राहतें घर विकावें, पर्वरीस सदनिका घ्यावी आणि उरलेलें आयुष्य समुद्राच्या वाऱ्यांत सुखानें घालवावें, असा हा बेत आहे. या बेतास विरोध करण्यासाठींच आम्ही लेखणी उचलली आहे, आणि तो विरोध आडपडदा न ठेवतां करणार आहों.

गोव्याशीं आमचें वैर नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. ज्या भूमीनें दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दिल्या, तिचें ऋण कोणताहि रसिक महाराष्ट्रीय नाकारणार नाहीं. तेथील हिरवाई डोळ्यांस निववते, मासळी ताजी मिळते, लोक मृदुभाषी आहेत, आणि २०२२ च्या डिसेंबरांत मोप येथील विमानतळाचें उद्घाटन झाल्यापासून बाहेरगांवच्या मुलाबाळांचें येणेंजाणेंहि सोपें झालें आहे. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु चार दिवसांच्या पाहुण्यास जें सुखकर वाटतें तें वीस वर्षांच्या रहिवाशासहि तसेंच वाटेल, हें जें अनुमान या बेताच्या मुळाशीं आहे, तेंच आम्हांस कच्चें वाटतें.

ज्या समुद्रासाठीं हा खटाटोप, त्याचाच हिशेब आधीं घेऊं. पर्वरी हें जांभ्या दगडाचें पठार आहे. त्याच्या कडेच्या कांहीं घरांतून मांडवीचें पात्र आणि पणजीचे दिवे दिसतात; परंतु वाळू पायांखालीं यावी अशी इच्छा झाली तर वाहन काढून कांदोळी-शिकेरीची वाट धरावी लागते, आणि नाताळच्या सुमारास त्या वाटेवर देशभरचे प्रवासी आपल्या आधींच लोटलेले असतात. पठाराच्या अंगावरून राष्ट्रीय महामार्ग जातो. २००० सालापासून राज्याची विधानसभा येथें भरते, आणि २०२१ सालीं उच्च न्यायालयाची नवी इमारतहि येथेंच उघडली गेली. अशा ठिकाणास शांत उपनगर म्हणणें हें जाहिरातदारासच शोभतें. रहदारीची कोंडी असह्य झाल्यामुळें २०२४ सालीं येथें उन्नत मार्गाच्या कामास आरंभ झाला, आणि त्या कामापायीं २०२५ च्या मार्चांत खाप्रेश्वराच्या स्थानावरील जुना वड, लोकांचा विरोध असतांहि, मुळांपासून उखडून हलविण्यांत आला. १९८६ च्या जुलैंत मांडवीवरील नेहरू पूल कोसळला तेव्हां पर्वरी आणि पणजी यांच्यामध्यें पुन्हा फेरीबोटींचाच आधार उरला होता, हें जुन्या लोकांच्या स्मरणांत आहे. आज तेथें तीन पूल आहेत हें खरें, पण गाड्यांची रांग पाहिली म्हणजे तीनहि अपुरेच वाटतात.

आतां पावसाकडे वळूं. पणजीस वर्षाकाठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नाशिक सह्याद्रीच्या आडोशास, समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंचीवर वसलें आहे. येथील पावसाळा आपल्या अंगवळणीं पडलेला, उघडीप देणारा असतो. ज्यानें जन्मभर ही कोरडी हवा भोगली त्यास त्या चार महिन्यांची कल्पना डिसेंबरांतील सहलीवरून येणें शक्य नाहीं. कपाटांतील पुस्तकांवर बुरशी चढते, शालूंना कुबट वास येतो, पीठ-डाळींना जाळीं धरतात, पापड सादळतात आणि भिंतींवर ओलीचे नकाशे उमटतात. या सर्वांशीं झगडण्याचें काम कोणाकडे येतें? पुरुष गच्चींत बसून पावसाचें कौतुक करील. डबे उन्हांत घालण्यासाठीं उन्हाची वाट पाहत बसणार ती घरची बाई. स्थलांतराचा बेत बहुतेक घरांत पुरुष ठरवतो आणि त्याची किंमत स्त्री भरते, हें स्पष्टपणें सांगण्याची वेळ आली आहे.

एवढा पाऊस पडतो म्हणून पाण्याची ददात नसेल, असेंहि कोणी समजूं नये. बार्देश तालुक्यास लागणाऱ्या पाण्याचा मोठा भाग तिळारी प्रकल्पाच्या कालव्यावर अवलंबून आहे. हा प्रकल्प महाराष्ट्र व गोवा यांचा संयुक्त. धरण आपल्या दोडामार्गांत आणि तहान पलीकडे. कालव्यास भगदाड पडलें कीं अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राचा पुरवठा आटतो आणि पर्वरीच्या उंच इमारतींपुढें टँकर उभे राहतात. गंगापूर धरणाच्या कुशींत वाढलेल्या नाशिककरानें आपली पुंजी वेंचून टँकरच्या रांगेंत जाऊन उभें राहावें, याला शहाणपण म्हणावें काय?

घराच्या हक्काचा प्रश्नहि दिसतो तितका सरळ नाहीं. गोव्यांत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अद्याप चालतो. तिच्या सामान्य नियमाप्रमाणें पतिपत्नींची मिळकत सामाईक असते, आणि जुन्या घराण्याची जमीन विकावयाची तर जगभर पांगलेल्या वारसांच्या संमत्या जमवाव्या लागतात. कोठें जमीन कोमुनिदादीची निघते, कोठें तिच्यावर कुळाचा हक्क असतो, तर कोठें १९७५ च्या कायद्यानें संरक्षण दिलेला मुंडकार. आपल्या सातबारावर पोसलेली आमची बुद्धि तेथील एक-चौदाच्या उताऱ्यापुढें चांचपडते. त्यांत नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९-अ या कलमांवरून, म्हणजे शेतजमीन व डोंगरउतार बांधकामास मोकळे करण्याच्या तरतुदींवरून, अलीकडे तेथें आंदोलनें झालीं आणि खटले उच्च न्यायालयापर्यंत गेले. साठीच्या घरांत आलेल्या माणसानें आयुष्याची कमाई अशा वादाच्या भूमींत कां रोवावी, हें आम्हांस समजत नाहीं.

परंतु हे सर्व दोष एखादा धनिक व सावध गृहस्थ पैशानें निवारूं शकेल. पाण्याची टाकी मोठी बांधतां येते, ओल शोषणारें यंत्र आणतां येतें, वकील नेमतां येतो. पैशानें न निवारतां येणारा दोष निराळाच आहे, आणि आमच्या मतें तोच निर्णायक आहे. म्हातारपण हवेवर निभत नाहीं. तें माणसांवर निभतें. नाशिकांत मध्यरात्रीं छातींत कळ आली तर समोरच्या घराची कडी वाजवतां येते. ज्याला आम्ही शिकविलें तो आज डॉक्टर आहे, ज्याच्या मुंजींत आम्ही पानें वाढलीं तो आज गाडी घेऊन धांवत येतो. हा आधार चाळीस वर्षांच्या जाण्यायेण्यानें, सुतकांनीं आणि बारशांनीं, उसन्या वाटीभर साखरेनें हळूहळू जमा झालेला असतो. तो विकत मिळत नाहीं आणि घर विकतांना त्याची किंमतहि कोणी देत नाहीं. पर्वरीच्या नव्या इमारतींत कित्येक घरें वर्षांतून पंधरा दिवस उघडणारीं. तेथें कडी कोणाची वाजवावी? गोव्याचें मोठें सरकारी इस्पितळ बांबोळीस, म्हणजे नदीच्या पलीकडे आहे. तेथें गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून २०१८ च्या जानेवारीपासून शुल्क घेतलें जाऊं लागलें, आणि २०१६ सालीं सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा लाभ पांच वर्षें तेथें राहिलेल्यासच मिळावा, असा नियम ठरला. यांत गोवेकरांचा दोष नाहीं. आपल्या करांतून चाललेल्या सोयी त्यांनीं आधीं आपल्यांस द्याव्या हें न्याय्यच आहे. साठाव्या वर्षीं जाणाऱ्यानें मात्र पासष्टीपर्यंतचा विचार आधीं करावा.

याहून कठोर गोष्ट सांगणें भाग आहे. दोघेंहि जन्मभर एकत्र राहतील असें गृहीत धरून हे बेत आखले जातात. परंतु दोघांपैकीं एक आधीं जाणार, आणि बहुतेक घरांत पति वयानें वडील असल्यामुळें मागें पत्नी राहणार. सहाशें किलोमीटरांहून अधिक दूर, ज्या पठारावर तिचें माहेर नाहीं, सासर नाहीं, हळदीकुंकवाची मैत्रीण नाहीं, तेथें तिनें तेराव्या दिवसानंतर काय करावें? मुलगा म्हणेल, इकडे ये. तो तिचा तिसरा परदेश. नाशिकचें घर तर विकलेलें. आमच्या परिचयांतील किती गृहस्थांनीं सदनिकेचा नकाशा पसरतांना हा प्रश्न पत्नीस विचारला असेल?

भाषेच्या बाबतींतहि आपल्यांत एक गोड गैरसमज आहे. गोव्यांत मराठी चालते, मराठी वृत्तपत्रें निघतात, देवळांत मराठी कीर्तनें होतात, म्हणून तें आपलेंच घर, असें आम्ही मानतों. १९६७ च्या जानेवारींतील मतदानांत गोव्यानें महाराष्ट्रांत विलीन होण्यास नकार दिला, आणि १९८७ च्या कायद्यानें, मराठीच्या वापरास मुभा ठेवून, कोंकणी ही राजभाषा ठरली, याचा आम्हांस सोईस्कर विसर पडतो. घाटावरून आलेल्यास तेथें 'घाटी' म्हणतात, आणि त्या शब्दांत केवळ भूगोल नसतो. जो जाईल त्यानें कोंकणी शिकावी, हें उघड आहे. परंतु जे बेत सांगतात त्यांच्या तोंडून कोंकणी शिकण्याचा बेत आम्हीं अद्याप ऐकला नाहीं.

आणि गोवेकरांनीं आमचें स्वागत कां करावें? गोव्याचें क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एकट्या नाशिक जिल्ह्याचें त्याच्या चौपटीहून अधिक. २०११ च्या जनगणनेंत त्या साऱ्या राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्याशा भूमीवर देशभरच्या निवृत्तांनीं आणि धनिकांनीं घरें घेतलीं तर तेथील शिक्षकानें, कारकुनानें, नव्यानें संसार मांडणाऱ्या जोडप्यानें कोठें राहावें? हा प्रश्न नाशिककरास तरी नवा असूं नये. आमचें गांवहि एके काळीं मुंबईकरांचें हवापालटाचें ठिकाण होतें. देवळालीचीं आरोग्यधामें त्याचीच साक्ष देतात. पाहुणे आले, हवेवर लुब्ध झाले आणि स्थायिक झाले. आज मखमलाबाद-गंगापूरकडच्या द्राक्षबागांच्या जागीं इमारती उभ्या आहेत, आणि ज्या हवेसाठीं लोक आले ती हवा शोधण्यास आम्हीच बाहेर पडलों आहों! २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठीं तपोवनांतील झाडें तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हां नाशिककर संतापून रस्त्यावर उतरले. तो संताप योग्यच होता. पण तपोवनाच्या झाडासाठीं रडावें आणि पर्वरीच्या डोंगरउतारावर झाडें तोडून उभारलेल्या इमारतींत घर घ्यावें, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

यावर दोन आक्षेप येतील. कोणी म्हणेल, ज्याचें मूळ गोव्यांत आहे त्यानें काय करावें? त्यानें अवश्य जावें. तो परत जात आहे, आणि त्याचे तेथें ऋणानुबंध आहेत. दुसरा म्हणेल, नाशिकांत तरी आतां काय उरलें आहे? गोदावरीचें पात्र सिमेंटनें लिंपलें, रस्ते वाहनांनीं भरले. खरें आहे. परंतु घर बिघडलें म्हणून तें सोडून जाणें हा दुरुस्तीचा मार्ग नव्हे. १८४० सालापासून चालत आलेलें सार्वजनिक वाचनालय, व्याख्यानमाला, नदीसाठीं आणि झाडांसाठीं न्यायालयांत झगडणाऱ्या संस्था, या सर्वांस ज्यांच्याजवळ वेळ, विद्या आणि निवृत्तिवेतन आहे अशाच माणसांची गरज आहे. नेमके तेच लोक निघून गेले तर मागें गांव कोणाच्या हातीं राहणार?

तरीहि ज्याचें मन हटत नाहीं त्यास आमचा एक साधा सल्ला आहे. घर विकण्यापूर्वीं पर्वरीस भाड्यानें जागा घ्यावी आणि तेथें ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत राहावें. बाजार स्वतः करावा, एकदां तरी रात्रीं नदी ओलांडून बांबोळी गांठावी, शेजाऱ्याशीं कोंकणींत बोलून पाहावें. मग आश्विनांत परत येऊन निर्णय करावा, आणि तो निर्णय पतीनें न करतां पत्नीनें करावा. या कसोटीस जो बेत उतरेल त्यास विरोध करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमचा अंदाज मात्र असा आहे, कीं बहुतेक घरांतून कार्तिकांत समुद्रावर आठ दिवसांची सहल निघेल, आणि घराच्या दारावरची पाटी जेथें आहे तेथेंच राहील.