न दुखणाऱ्या गाठीची कैफियत

जुन्नरच्या आठवड्याच्या बाजारात भाजीच्या पाट्या मांडून बसलेल्या बायांच्या रांगेतून सावकाश चालत गेले, तर एखादीच्या कानापुढे लिंबाएवढी, एखाद्या वृद्धाच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ दृष्टीस पडते, आणि ती किती दिवसांची म्हणून पुसले असता जे उत्तर मिळते, ते शिवनेरीच्या पायथ्यापासून आंबेगाव तालुक्यातील आहुप्याच्या घाटमाथ्यापर्यंत बहुधा एकच असते : "दुखत न्हाई ना, मग राहू द्या की." अडाणीपणाचे म्हणून हे उत्तर झटकून टाकणे मला अन्यायाचे वाटते. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला काटा रुतला, विळा लागला, दाढ ठणकली, तर दुखते, आणि दुखणे थांबले की तो पुन्हा कामाला लागतो. तेव्हा वेदना हीच रोगाची खूण, हा त्याचा सिद्धांत जन्मभराच्या अनुभवातूनच निघालेला असतो. म्हणून पूर्वपक्षाची कैफियत पुरती ऐकून घेऊ. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते. सुई वा शस्त्र लावले की ती चाळवते आणि अंगभर पसरते. आणि चिरफाड ही आपली रीत नव्हे, लेप हीच आपली रीत, असे त्याचे तीन मुद्दे आहेत.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि घात तेच करते. चेहऱ्यावरची जी सूज एकाएकी येते, ठणकते, ताप आणते, ती बहुधा जंतुसंसर्गाची असते. पोरांची गालफुगी आठदहा दिवसांत उतरते. किडलेल्या दाढेच्या मुळाशी साठलेला पू तर कधी हाडातून वाट काढून थेट गालाच्या वा हनुवटीच्या कातडीवर तोंड काढतो. मग माणूस त्या वाहत्या पुळीवर महिनोन्‌महिने मलम चोळीत राहतो आणि मूळ दाढ तशीच राहते. (दाढेची सूज जिभेखाली उतरली, तोंड उघडेना, गिळवेना, तर मात्र सकाळची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठावे, श्वास कोंडायला फार वेळ लागत नाही.) परंतु कानापुढच्या लाळग्रंथीत उद्भवणारी गाठ पुष्कळदा वर्षानुवर्षे मुळीच दुखत नाही. त्या ग्रंथीतील शंभर गाठींपैकी सुमारे ८० सौम्य जातीच्या असतात हे खरे. तथापि त्या सौम्य गाठींपैकीही काही, काळ लोटल्यावर, आपली जात बदलतात, आणि चेहऱ्याचे स्नायू हलविणारा मज्जातंतू याच ग्रंथीतून जात असल्याने गाठीबरोबर डोळा मिटेनासा झाला किंवा ओठ वाकडा झाला, तर गाठ घातक झाल्याचीच शंका धरावी लागते.

मिश्रीची गोष्ट याहून दुःखद आहे. चुलीवरच्या तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि सकाळी तिचा बोटभर थर हिरड्यांवर फिरवून तोंडात धरून ठेवायचा, ही आमच्याकडील कित्येक आयाबायांची नित्याची चाल. पुढे एखादीच्या गालाच्या आत न भरणारी जखम होते, आणि मग जबड्याखाली वा मानेत जी कठीण गाठ उतरते, ती आरंभी दुखतच नाही. दुखू लागते तेव्हा मुदत बहुतेक संपत आलेली असते.

दुसरा मुद्दा काकतालीय न्यायाचा आहे. गाठ वर्षानुवर्षे दडविलेली, अखेरच्या अवस्थेत पुण्याला नेलेली, आणि शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांत माणूस गेलेला : एवढे पाहून गाव शस्त्राला दोषी ठरविते, दवडलेल्या वर्षांचा जाब मात्र कोणी विचारीत नाही. बारीक सुईने गाठीतील पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीने रोग पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. उलट त्या तपासणीवाचून कोणती गाठ काढावी आणि कोणती औषधाने विरघळू द्यावी, हेच ठरत नाही. मानेतल्या गंडमाळा क्षयाच्या निघाल्या, तर सहसा शस्त्राची गरजच पडत नाही.

राहिला परंपरेचा मुद्दा. आणि येथे तर परंपराच पूर्वपक्षाविरुद्ध साक्ष देते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात अर्बुदाची लक्षणे सांगितली आहेत ती अशी, की ते वाटोळे, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असते. म्हणजे भयंकर गाठ फारशी दुखत नाही, हे त्या आचार्याने केव्हाच लिहून ठेविले आहे! एवढेच नव्हे, तर चिकित्सास्थानात त्याने बजावले आहे की अर्बुद निःशेष काढावे, अंश मागे राहिल्यास ते पुन्हा उठते आणि विस्तवासारखा प्राण घेते. शस्त्राने गाठ चाळवते, या समजुतीचे बीज कदाचित अशा अर्धवट छेदनांतच असेल; पण त्यावर सुश्रुताचा उपाय पूर्ण छेदन हा आहे, नुसता लेप नव्हे. गूळचुन्याच्या वा बिब्ब्याच्या लेपाने कातडी तेवढी भाजते.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की तीन आठवड्यांत न उतरलेली प्रत्येक गाठ, दुखो वा न दुखो, घोडेगावच्या नाहीतर मंचरच्या सरकारी रुग्णालयात दाखवावी. आणि जेवायला बसताच फुगून जेवणानंतर ओसरणारी जबड्याखालची सूजही, कारण तीत बहुधा लाळेच्या नळीतला खडा असतो. आहुप्याहून येणाऱ्याची त्यात एक दिवसाची मजुरी बुडते, हे मी जाणतो, आणि ते लहान संकट नव्हे.

माझी मावशी कुकडीकाठची. कानाच्या पाळीखालची तिची गाठ नऊ वर्षांची होती. पदर डावीकडे ओढून घ्यायची सवय तिला त्या गाठीनेच लावली. एका वैदूने महिनाभर गूळचुना थापून तेथील कातडी जाळली, तेव्हा कुठे ती पुण्याला यायला कबूल झाली. शल्यवैद्यांनी मज्जातंतूचा एकेक धागा सोडवीत गाठ अखंड बाहेर काढली. आवळ्याएवढी होती, तपासणीत सौम्य निघाली. ओठाची कड दोनतीन महिने किंचित ओढलेली राहिली, चहा पिताना एक थेंब हनुवटीवर ओघळे, आणि मग तेही थांबले. पदर मात्र ती अजून डावीकडेच ओढते.