गर्दी घडवावी लागते

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतील डेन्मार्क विरुद्ध फिनलंड हा सामना सुरू होता. पूर्वार्ध संपत आला असताना डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन एकाएकी कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले आणि वैद्यकीय पथकाने मैदानातच उपचार करून त्याचे प्राण वाचविले. सामना थांबलेल्या त्या जीवघेण्या प्रतीक्षेत फिनलंडच्या प्रेक्षकांनी 'ख्रिश्चन' असा घोष सुरू केला आणि समोरच्या बाजूने डेन्मार्कच्या प्रेक्षकांनी 'एरिक्सन' असे उत्तर दिले. प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूचे अर्धे नाव एका राष्ट्राने घ्यावे आणि उरलेले अर्धे दुसऱ्याने पूर्ण करावे, असा तो प्रसंग होता. खेळाच्या इतिहासात इतकी उदात्त घोषणाबाजी क्वचितच ऐकू आली असेल.

त्याच स्पर्धेचा शेवट मात्र लज्जास्पद ठरला. ७ जुलै रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर उपान्त्य सामन्यापूर्वी याच डेन्मार्कचे राष्ट्रगीत सुरू असताना यजमान प्रेक्षकांतून हुर्यो उडविण्यात आली आणि पेनल्टीच्या वेळी डॅनिश गोलरक्षकाच्या चेहऱ्यावर लेसरचा झोत टाकण्यात आला. युरोपीय फुटबॉल महासंघाने त्याबद्दल इंग्लंडच्या संघटनेला दंड केला. चारच दिवसांनी, इटलीविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या वेळी, सुमारे दोन हजार जण तिकिटाविना दरवाजे फोडून आणि अपंगांसाठी राखलेल्या मार्गांतून आत घुसले. पराभवानंतर पेनल्टी हुकलेल्या मार्कस रॅशफोर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका या स्वतःच्याच देशाच्या तीन तरुण खेळाडूंवर त्यांच्या वर्णावरून गलिच्छ शिव्यांचा वर्षाव झाला. लुईस केसी यांच्या चौकशी अहवालाने त्या दिवशी जीवितहानी थोडक्यात टळली, असा निष्कर्ष नोंदविला.

खंड तोच, खेळ तोच आणि काळही तोच. तरीही एका ठिकाणी गर्दीचा समाज झाला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच गर्दीचा जमाव झाला. हे अंतर कशामुळे पडते, हा केवळ क्रीडारसिकांच्या जिज्ञासेचा विषय नाही. ज्या देशाला मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे यजमानपद भूषवायचे आहे, त्या प्रत्येक देशाने या प्रश्नाला सामोरे गेलेच पाहिजे.

क्लबच्या सामन्यातील प्रेक्षक शहराचा किंवा पेठेचा अभिमान घेऊन येतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात त्याच्या खांद्यावर ध्वज असतो. म्हणूनच तेथील वातावरण वेगळे असते. अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडतात, गरीब-श्रीमंत भेद नव्वद मिनिटांपुरता तरी विरतो. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरविले, तेव्हा सुमारे दोन लाखांचा समुदाय एका क्षणात निःशब्द झाला होता. ती शांतता आजही त्या देशाच्या स्मरणात आहे. राष्ट्र ही कल्पना सामान्य माणसाच्या अंतःकरणात किती खोलवर रुजलेली असते, याचे इतके ठळक दर्शन अन्यत्र क्वचितच घडते. या भावनेला मागास किंवा धोकादायक ठरविणाऱ्या विचारवंतांची वाण नाही. त्यांच्यातर्फे हमखास पुढे केला जाणारा दाखला म्हणजे १९६९ सालचे एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्यातील तथाकथित 'फुटबॉल युद्ध'. विश्वचषक पात्रता सामन्यांतील दंगलींनंतर हे दोन देश चार दिवस लढले, हे खरे. परंतु त्या युद्धाची कारणे जमिनीच्या वाटपात आणि होंडुरासमध्ये स्थायिक झालेल्या लाखो साल्वादोरी शेतकऱ्यांच्या प्रश्नात होती. मैदान हे त्या आगीचे इंधन नव्हते, फार तर ठिणगी होते. दोष राष्ट्रभावनेचा नसतो, संस्कार न झालेल्या भावनेचा असतो. ज्याला स्वतःच्या मातेचा खरा अभिमान आहे, तो दुसऱ्याच्या मातेची निंदा करीत नाही. परक्या राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो उडविणाऱ्याला स्वतःच्या राष्ट्रगीताचा अर्थही कळलेला नसतो.

हा संस्कार जन्मजात नसतो, तो घडवावा लागतो. स्कॉटलंडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ४ जून १९७७ रोजी वेम्बलीवर इंग्लंडला हरविल्यानंतर स्कॉटिश प्रेक्षक मैदानात घुसले, त्यांनी गोलचे खांब मोडले आणि हिरवळीचे तुकडे उपटून नेले. त्याच देशाचे पाठीराखे आज 'टार्टन आर्मी' या नावाने आपला पारंपरिक पोशाख मिरवीत, गात-वाजवीत युरोपभर फिरतात आणि यजमान शहरे त्यांचे स्वागत करतात. २०२४ साली जर्मनीत संघ गटातच बाद झाला, पण चाहत्यांनी मने जिंकली. हा बदल केवळ पोलिसांच्या दंडुक्याने झाला नाही. हुल्लडबाजीसाठी कुप्रसिद्ध झालेल्या इंग्लिश चाहत्यांहून आपण निराळे आहोत, हे जगाला दाखविण्याची ईर्षा त्यामागे होती. स्वाभिमानाने योग्य दिशा घेतली की तो शिस्त निर्माण करतो. डेन्मार्कच्या चाहत्यांनीही १९८० च्या दशकात 'हूलिगन' या शब्दाला छेद देत स्वतःला 'रोलिगन' म्हणवून घेण्यास प्रारंभ केला. डॅनिश भाषेत 'रोलिग' म्हणजे शांत. पार्केनवर २०२१ साली जे घडले, त्याची पेरणी चाळीस वर्षे आधी झाली होती.

जपानची गोष्ट तर सर्वपरिचित आहे. १९९८ साली फ्रान्समध्ये जपान प्रथमच विश्वचषकात उतरला आणि तिन्ही सामने हरला. तरीही त्याच्या प्रेक्षकांनी आपल्या बैठकांभोवतीचा कचरा गोळा करूनच मैदान सोडले. २०१८ साली रशियातील रोस्तोव्ह येथे दोन गोलांची आघाडी घेऊनही बेल्जियमकडून ३-२ असा जिव्हारी लागणारा पराभव पत्करल्यावर प्रेक्षकांनी अश्रू पुसत सफाई केली आणि खेळाडूंनी आपला कक्ष स्वच्छ करून रशियन भाषेत 'धन्यवाद' लिहिलेली चिठ्ठी ठेवली. २०२२ साली कतारमधील उद्घाटनाचा सामना यजमान आणि इक्वाडोर यांच्यात होता. जपानचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता, तरी तेथेही जपानी प्रेक्षक पिशव्या घेऊन कचरा उचलताना दिसले. जगाने याचे कौतुक केले, जपान्यांना मात्र त्यात विशेष काही वाटले नाही. कारण तेथील मुले शाळेत आपला वर्ग स्वतः झाडतात. प्रेक्षागारातील वर्तन हे शाळेच्या वर्गात तयार होते, हा यातील मथितार्थ आहे.

तथापि सारी जबाबदारी प्रेक्षकांवर ढकलून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. मैदानांवरील मोठ्या दुर्घटनांचा इतिहास पाहिला, तर मृत्यूचे कारण म्हणून चाहत्यांच्या उन्मादाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक वेळा, एक बंद दरवाजा समोर येतो. २४ मे १९६४ रोजी पेरूची राजधानी लिमा येथे पेरू-अर्जेंटिना ऑलिंपिक पात्रता सामन्यात यजमानांचा गोल पंचांनी रद्द ठरविला आणि काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी भरलेल्या प्रेक्षागारात अश्रुधूर सोडला. जीव वाचविण्यासाठी लोक जिन्यांतून खाली धावले, तर तळाशी लोखंडी दरवाजे बंद होते. अधिकृत आकड्यानुसार ३२८ माणसे मेली, बहुतेक गुदमरून. ऑक्टोबर १९९६ मध्ये ग्वाटेमाला सिटीत ग्वाटेमाला-कोस्टारिका सामन्यापूर्वी क्षमतेहून अधिक माणसे आत सोडली गेल्याने ८० हून अधिक जण चेंगरून मृत्युमुखी पडले. जानेवारी २०२२ मध्ये कॅमेरूनची राजधानी याउंदे येथे आफ्रिकी चषकाच्या सामन्यापूर्वी आठ जणांचा बळी गेला, आणि जे प्रवेशद्वार उघडे असायला हवे होते ते बंद होते, हे आफ्रिकी महासंघाच्या अध्यक्षांनाच मान्य करावे लागले.

या घटनांमागची मनोवृत्ती एकच आहे. व्यवस्थेच्या दृष्टीने प्रेक्षक हा पाहुणा नसून शत्रू असतो. त्याला कोंडावे, हाकावे, धाक दाखवावा आणि काही विपरीत घडले की दोषही त्याच्याच माथी मारावा. १९८९ साली इंग्लंडमधील हिल्सबरो मैदानावर एका क्लब सामन्यात चेंगराचेंगरी होऊन अखेर ९७ जणांचे प्राण गेले. त्या वेळी दारूड्या चाहत्यांनीच हे घडविले, अशी आवई उठविण्यात आली. मृतांच्या नातेवाइकांनी सत्तावीस वर्षे झुंज दिली, तेव्हा कुठे २०१६ साली न्यायचौकशीतील ज्यूरीने प्रेक्षक निर्दोष असल्याचा आणि मृत्यू बेकायदेशीर हत्या असल्याचा निर्वाळा दिला.

याउलट प्रेक्षकाला माणूस मानले की काय घडते, याचा धडा पोर्तुगालने २००४ च्या युरोपीय स्पर्धेत घालून दिला. समाजमानसशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाच्या आधारे तेथील शहर पोलिसांनी निराळी पद्धत अवलंबिली. दंगलविरोधी पथके नजरेआड ठेवली, साध्या गणवेशातील पोलीस जोडीजोडीने चाहत्यांत मिसळले, त्यांच्याशी बोलले आणि ज्याने आगळीक केली त्यालाच वेगळे काढले. संपूर्ण समूहावर लाठी उगारली नाही. ज्या शहरांत सामने झाले तेथे इंग्लिश चाहत्यांचा उपद्रव नगण्य राहिला. ही पद्धत लागू नसलेल्या अल्बुफेरा या पर्यटनस्थळी मात्र दोन रात्री दंगल झाली. विशेष म्हणजे पोलीस सौजन्याने वागत आहेत हे दिसल्यावर चाहतेच आपल्यातील उपद्रवी मंडळींना आवरू लागले. कायद्याची कठोरताही आवश्यकच असते. इंग्लंडने २००० सालच्या कायद्याने सराईत हुल्लडबाजांना परदेशी सामन्यांच्या काळात पारपत्र जमा करावयास लावले आणि त्याचा उपयोग झाला. पण वेम्बलीवरील प्रकाराने हेही सिद्ध केले की, कायदा मोजक्या गुंडांना रोखू शकतो, हजारोंच्या मनातील मर्यादा तो निर्माण करू शकत नाही.

भारताच्या दृष्टीने या साऱ्याचा विचार आता टाळता येणार नाही. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकची आकांक्षा देशाने जाहीर केली आहे. अशा वेळी १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर जे घडले ते विसरणे परवडणारे नाही. हजारो रुपये मोजून लिओनेल मेस्सीला पाहण्यासाठी आलेल्या प्रेक्षकांना मैदानातील मान्यवर आणि त्यांच्या गोतावळ्याच्या कोंडाळ्यामुळे त्याचे धड दर्शनही झाले नाही. तो लवकर निघून गेल्यावर संतापलेल्या प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, खुर्च्या उखडल्या. प्रेक्षकांची फसवणूक झाली हे खरे, पण मोडलेल्या खुर्च्या त्यांच्याच करातून उभारलेल्या होत्या, हेही तितकेच खरे. ज्या शहराने १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षक गमावले, त्या शहरात तरी या दोन्ही बाजूंचे भान अधिक असावयास हवे होते.

महाराष्ट्रापुढेही दोन चित्रे आहेत. कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींनी फुटबॉल जिवंत ठेवला, शाहू स्टेडियम स्थानिक सामन्यांना खच्चून भरते, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तेथेच समर्थकांची ईर्षा मैदान ओलांडून रस्त्यावरील हाणामारीपर्यंत गेल्याचे प्रसंगही घडले आहेत. दुसरे चित्र मुंबईचे. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे नमविले, तेव्हा जेमतेम अडीच हजार प्रेक्षक होते. कर्णधार सुनील छेत्रीने जनतेला कळकळीचे आवाहन केले. टीका करायची असेल तर ती मैदानात येऊन करा, पण या, असा त्याचा आशय होता. ४ जून रोजी केनियाविरुद्ध, छेत्रीच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात मैदान भरून गेले. भारत ३-० असा जिंकला आणि भिजलेल्या प्रेक्षकांनी खेळाडूंसह टाळ्यांचा ताल धरला. विश्वास टाकून साद घातली की समाज ओ देतो, हे त्या दिवशी दिसले.

म्हणून कामाची विभागणी स्पष्ट असावयास हवी. दरवाजे उघडे आणि रुंद ठेवणे, तिकिटे क्षमतेइतकीच विकणे, पिण्याचे पाणी पुरविणे, मान्यवरांना मैदानाबाहेर ठेवणे आणि पोलिसांना लाठीआधी संवाद शिकविणे, हे शासनाचे आणि आयोजकांचे काम आहे. परक्या राष्ट्रगीताला उभे राहणे, हरलेल्या आपल्या खेळाडूला आधार देणे, बसल्या जागेचा कचरा उचलणे आणि शेजारच्या उपटसुंभाला आवरणे, हे प्रेक्षकाचे काम आहे. आणि ही वृत्ती अंगी बाणविण्याचे काम घराचे, शाळेचे, तालमींचे व मंडळांचे आहे. कोल्हापूरच्या तालमींनी आपापल्या समर्थकांची हमी स्वतः घेण्याचे ठरविले, तर देशाला एक वस्तुपाठ मिळू शकेल.

भारताचा पुरुष संघ विश्वचषकात केव्हा खेळेल, हे त्याच्या पायांतील बळावर ठरेल आणि त्याला वेळ लागेल. परंतु जगातील उत्तम प्रेक्षक होण्यासाठी पात्रता फेरी खेळावी लागत नाही. १९९८ साली जपानने एकही सामना जिंकला नव्हता.