उमेदवारी कोठे करावयाची?

२०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीस आता प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीची जोड दिली आहे. हे योग्यच होय. परंतु व्यवसाय-अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती कोठे करावयाची? बल्लारपूरची पेपर मिल, सुरजागडची लोहखाण ही नावे सहज सुचतात. आम्ही त्यांत ग्रामसभेचे नाव घालू इच्छितो. मेंढा-लेखा गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ पासून बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभाच देऊ लागली. विक्री, मजुरी, हिशेब, कर, व्यापाराचे कोणते अंग तेथे नाही? व्यापाऱ्याशी भाव ठरविताना गावचा हिशेब गावच्याच पदवीधराने मांडला, तरच मिळालेला हक्क कागदावर राहणार नाही. म्हणून उमेदवारीचे गुण देताना विद्यापीठाने ग्रामसभेच्या खतावणीस कारखान्याच्या कचेरीइतकेच मोल द्यावे.