राख कोणाच्या दारी?

कचरा जाळला की तो नाहीसा झाला, असा समज आपल्या मनात घर करून बसला आहे. अग्नी कागद, चिंध्या, प्लॅस्टिक यांचा फडशा पाडतो; परंतु शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत, कोणत्याही भट्टीत ती नष्ट होत नाहीत. वाफ झालेले धातू धुरातून गाळलेल्या उडत्या राखेच्या सूक्ष्म कणांवर पुन्हा थिजतात; म्हणून तळाच्या राखेपेक्षा ती अधिक विषारी. तिच्यात पाणी मुरले की धातू विरघळून मातीत, विहिरीत उतरतात. शिसे बालकांच्या मेंदूची वाढ खुंटवते. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठून राहते.

फिलाडेल्फिया शहराची सुमारे १४ हजार टन राख घेऊन ‘खियान सी’ हे जहाज १९८६ मध्ये निघाले. देशामागून देश नकार देत गेले. अखेर १९८८ च्या आरंभी हैतीतील गोनाईव्ह येथे ‘खत’ म्हणून सुमारे ४ हजार टन राख किनाऱ्यावर टाकण्यात आली. सत्य उघड होताच तेथील सरकारने ती परत भरण्यास फर्मावले. जहाज पसार झाले. उरलेली राख नावे बदलत बदलत महासागरात लोटली गेली. किनाऱ्यावरची राख २००० मध्ये उचलली गेली आणि २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातच पुरली गेली. सोळा वर्षांनी का होईना, धनी सापडला!

मला सर्वाधिक बोचतो तो ‘खत’ हा शब्द. गुलामांनी बंड करून मिळवलेल्या स्वातंत्र्याची घोषणा १ जानेवारी १८०४ रोजी याच गोनाईव्हमध्ये झाली, आणि त्याच भूमीला धनिक शहराने आपले विष असे देऊ केले. दुसऱ्याची घाण कोणाच्या वाट्यास येते, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही.

घातक कचऱ्याच्या परदेशी वाहतुकीवर १९८९ मध्ये बाझेल करार झाला. अमेरिकेने त्यावर सही केली, मान्यता मात्र अद्याप दिलेली नाही. १९९४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांच्या भट्ट्यांची राख घातक कचऱ्याच्या नियमांतून सुटत नाही, असा निर्णय दिला. पण लागलीच पळवाट निघाली. तळाची व उडती राख एकत्र कालवून मगच चाचणी घेण्यास मुभा मिळाली. विषात माती मिसळून विष कमी झाल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, तसाच हा प्रकार. उडती राख स्वतंत्र तपासली व साठवली गेलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा कचरा अशाच भट्ट्यांत जातो. येथे कर भरणाऱ्या आपल्या बांधवांनी नगरपालिकेच्या सभेत उभे राहून विचारावे: आमची राख कोणत्या गावी जाते, आणि कागदावर तिला काय नाव दिले जाते?