टाकीतून उडणारे पेट्रोल, रानातला गहू

गाडीचे प्रदूषण म्हटले की आपली नजर सायलेन्सरकडे जाते. पण पेट्रोलची गाडी बंद करून उन्हात लावली तरी ती हवा बिघडवतेच. टाकी तापते, पेट्रोलची वाफ होते आणि झाकणाच्या, नळ्यांच्या फटीतून निसटते. दिसत नाही, वास मात्र येतो. हा शहराचा प्रश्न आहे, आपला नाही, असे समजू नका.

ही वाफ आणि धुरातले नायट्रोजनचे वायू कडक उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. वाऱ्याबरोबर तो शहरातून खेड्यात येतो, पानाच्या छिद्रांतून आत शिरतो आणि दाणा भरू देत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला. २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा अंदाजे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. हे सगळे पाप पेट्रोलच्या वाफेचे नव्हे. डिझेलचा धूर, वीज केंद्रे, चुली हेही वाटेकरी आहेत. पण वाफ अडवणे हे त्यातले सोपे काम.

कायदा आहे. दुचाकींना एप्रिल २०१७ पासून बीएस-४ नियम लागले, तेव्हा त्यांनाही वाफेची मर्यादा आली. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये चाचणीत दुचाकीतून दीड ग्रॅमपेक्षा जास्त वाफ निघता कामा नये. त्यासाठी गाडीला कोळशाची एक डबी बसवतात, तिला कॅनिस्टर म्हणतात. टाकीतली वाफ कोळसा धरून ठेवतो आणि इंजिन चालू झाले की ती आत ओढून जाळली जाते. म्हणजे आपलेच पेट्रोल आपल्याला परत मिळते.

गोम पुढेच आहे. ही चाचणी नवीन मॉडेलची, कंपनीच्या पातळीवर होते. आपण पीयूसी काढतो तेव्हा नळी फक्त सायलेन्सरला लावतात. झाकण गळते का, कॅनिस्टर जागेवर आहे का, हे कोणी बघत नाही. पेट्रोल भरताना टाकीतून बाहेर ढकलली जाणारी वाफ तर वेगळीच. अमेरिकेत ती गाडीतच अडवण्याची सोय १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. आपल्या बीएस-६ मध्ये ती सक्ती आली नाही.

आता इथेनॉलचे बघा. २०२५ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. ऊस आणि मका उत्पादकांना त्यातून बाजार मिळाला, हे चांगलेच झाले. पण पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले की वाफेचा दाब थोडा वाढतो आणि जुन्या रबरी नळ्यांतून ते जास्त झिरपते. म्हणून इथेनॉलला विरोध करायचा नाही. वाफेची तपासणी कडक करा, असा आग्रह धरायचा. एका हाताने उसाचा पैसा घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने गव्हाचा उतारा घालवायचा, हा कुठला शहाणपणा?

तोवर आपल्या हातात आहे ते करू. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, जादा पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून तो निकामी होतो. झाकणाचे रबर फाटले असेल तर बदला. चिरलेली नळी टाकून द्या. फवारणी पंपाचे पेट्रोल उघड्या बाटलीत ठेवू नका. मेकॅनिक "ही डबी काढून टाकू, काही उपयोग नाही" म्हणाला तर साफ नाही म्हणा. आणि ग्रामसभेत विषय निघाला तर ठराव करा, की पीयूसीत झाकण आणि कॅनिस्टरही तपासावा. खर्च फारसा नाही, नजर तेवढी हवी.